सातवा रकाना

माझ्या बायकोने केलेली एक फाईल घरच्या संगणकात आहे आणि ती मला वाचता येत नव्हती. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला टाकायच्या होत्या, हातात चार रविवार होते, आणि मुलगी म्हणत होती की मम्मीने त्या फाईलमध्ये तिच्या लग्नाची पत्रिका करून ठेवली आहे. फाईल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असला कचरा दिसायचा. फाईल बिघडलेली नव्हती. ती वाचायची वाट मीच बंद केली होती, पाच वर्षांपूर्वी, पूर्ण विचार करून आणि कागदावर गुण मांडून. ते कसं झालं ते लिहितो.

मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. तीन ठिकाणचे दर मागवायचे, त्यांचा तुलनेचा तक्ता करायचा, साहेबांची सही घ्यायची, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. घरी फ्रिज घेतला तेव्हाही तक्ता केला होता. बायको हसायची. "मला बघायला आलात तेव्हा तक्ता केला होता का?" असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, दर एकाच ठिकाणाहून आला होता. ती दोन दिवस हे सगळ्यांना सांगत होती.

ती घरी पत्रिका करून द्यायची. लग्नाच्या, हळदीच्या, घरभरणीच्या, गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाच्या. बेलवलीत आमचं वन रूम किचन, त्यात खिडकीखाली तिचं टेबल. सोनिवली, वांगणीपासून लोक यायचे. आमच्या बौद्ध समाजातली बहुतेक लग्नं तिच्याकडून जायची आणि गावातल्या शेतकरी घरांतल्या हळदीच्या पत्रिकाही तीच करायची, कारण ती शुद्धलेखन सांभाळायची. मुलीच्या नावापुढे काय लावायचं, मामाचं नाव आधी की आत्याचं, यावर दारात बसून होणारी भांडणंही तीच मिटवायची.

लग्नाआधी तिने टायपिंगच्या क्लासात मराठी चाळीसची परीक्षा दिली होती. त्या जुन्या टाइपरायटरवर बोटं जिथे बसली, तिथेच ती आयुष्यभर राहिली. संगणक घेतला तेव्हा अडचण अशी आली की त्यातल्या मराठी फॉन्टची अक्षरं वेगळ्याच बटणांवर होती. तिची बोटं 'क'ला जायची आणि पडद्यावर 'व' उमटायचा. दुसरी कुणी असती तर नवी जागा शिकली असती. हिने अक्षरंच हलवली.

ती युक्ती तिला सांगितली उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या माणसाने. त्याचं दुकान दहा बाय आठचं, भिंतीला वायरी लटकलेल्या. संगणक त्यानेच जुळवून दिला होता, एकेक भाग आणून. सिंधी माणूस, मराठी आमच्याइतकंच बोलायचा, फक्त मधेच हिंदीत जायचा. फॉन्टमधलं अक्षर उचलून दुसऱ्या बटणावर ठेवता येतं असं एक सॉफ्टवेअर त्याने तिला दिलं आणि दोन दुपारी बसून शिकवलं. पुढे ती एकटीच करत गेली. घरातलं सगळं आवरलं की अर्धा तास. 'ळ' हलवला. 'क्ष' हलवला. छपाईत तुटणारी जोडाक्षरं पुन्हा काढली. चार वर्षं चाललं होतं ते. शेवटी तो फॉन्ट पूर्णपणे तिच्या बोटांप्रमाणे झाला.

मग तिने पुढची गोष्ट केली. आकड्यांच्या वर जी चिन्हं असतात, त्या बटणांवर तिने अख्खे शब्द बसवले. पत्रिकेत तेच तेच शब्द येतात. एका बटणावर 'आयुष्मान', शेजारी 'आयुष्मती', एकावर 'मंगल परिणय', एकावर धम्मचक्र. हळदीच्या पत्रिकेत खाली लहान मुलांची ओळ असते, त्यासाठी एका बटणावर 'लग्नाला यायचं हं!' आणि टक्क्याच्या बटणावर 'कालकथित'. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी लावत नाहीत, कालकथित लावतात. प्रत्येक पत्रिकेत कुणाचे तरी आजी-आजोबा गेलेले असतातच, त्यामुळे हा शब्द तिला सगळ्यात जास्त लागायचा.

"टक्केच कशाला घालवलेस?" मी विचारलं.

"पत्रिकेत टक्के कुठे लागतात? ते तुमच्या हापिसात."

धम्मचक्र तिने स्वतः काढलं होतं. मी आरे मोजले. तेवीस होते. ती म्हणाली, "शंभर घरांत गेलं, कुणी मोजले नाहीत." पण दुसऱ्या दिवशी चोविसावा आरा आला होता.

संगणक बारा वर्षं चालला. काही झालं की ती उल्हासनगरला फोन करायची आणि तो माणूस रविवारी पिशवीत पेचकस टाकून यायचा. चहा घेता घेता म्हणायचा, "साईं, ह्या मशीनमधे माझं जुनं काय राहिलं सांगा. बोर्ड दोनदा बदललं, रॅम बदलली, डिस्क बदलली. ओरिजनल फक्त हा डबा आणि दीदी."

"डब्याला गंज आलाय," बायको म्हणाली.

"मग ओरिजनल फक्त दीदी."

पाच वर्षांपूर्वी तो संगणक सारखा अडकायला लागला. एका हळदीची पत्रिका अर्ध्यात गेली आणि ती पुन्हा करावी लागली. नवा घ्यायचं ठरलं. तिचं म्हणणं होतं, त्यालाच सांगू, तो नवीन मशीन जुळवेल आणि जुनं सगळं तसंच्या तसं त्यात आणून ठेवेल. माझं म्हणणं होतं, आता तरी कंपनीचा घेऊ.

मी उल्हासनगरला जाऊन त्याच्याकडून दर लिहून घेतला. त्याने पावतीच्या पाठीमागे भागांची यादी केली. मी विचारलं, पक्कं बिल? तो म्हणाला, "अर्ध्या सामानाचं मिळेल." वॉरंटी? "भागाची त्या त्या भागाची. बाकीची माझी." लिहून द्याल? तो हसला. "साहेब, ब्रँड म्हणजे काय, स्टिकर. स्टिकर माझ्याकडे पण आहेत, कोणता लावू बोला. कंपनीवाला फोनवर तुमचा सिरीयल नंबर विचारणार. मी विचारणार, दीदी कशी आहे."

मला ते बोलणं गोड वाटलं आणि म्हणूनच संशय आला. खरेदी विभागात गोड बोलणाऱ्यांपासून जपायची सवय लागते.

घरी येऊन तक्ता केला. किंमत, बिल, वॉरंटी, घरी येऊन दुरुस्ती, सुटे भाग, भरवसा. सहा रकाने, प्रत्येकी दहा गुण. किमतीत उल्हासनगर पुढे होतं, सुट्या भागांतही. बिल आणि वॉरंटीला मी कंपनीला पैकीच्या पैकी दिले. भरवशाला उल्हासनगरला चार दिले, कंपनीला नऊ. बेरीज एकोणचाळीस आणि एकोणपन्नास.

बायकोने कागद नीट वाचला. पीठ लागलेला हात बाजूला धरून, वाकून वाचला. मग म्हणाली, "एक रकाना राहिला."

"कुठला?"

"हात."

"म्हणजे?"

"माझा हात बसलाय ना त्याच्यावर. त्याचा रकाना."

मी म्हटलं, "हाताला गुण कसे देणार? मोजायचं कशात?"

तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "ते मला काय माहीत. तक्ता तुमचा." मग पोळपाटाकडे वळून म्हणाली, "बेरीज केलीत ना, मग बरोबरच असेल."

सातवा रकाना मी काढला नाही. ज्यात आकडा भरता येत नाही तो रकाना तक्त्यात घ्यायचा नाही, असं मी नव्या मुलांना कामावर शिकवत आलो होतो.

शोरूमची योजना होती की जुना संगणक द्या आणि दोन हजार कमी करा. जुना देण्याआधी मी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. फाईली मोजल्या. इकडे एक हजार तीनशे अठरा, तिकडे एक हजार तीनशे अठरा. एकूण आकारही दोन्हीकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळला. तिच्या कामाचा सगळा भाग दुसऱ्या कप्प्यात, डी ड्राइव्हमध्ये होता, तो मी घेतला. सी ड्राइव्ह घेतला नाही. तिथे विंडोज असतं, संगणक चालवायचं सामान असतं. माझ्या हिशेबाने डी मधला माल आमचा आणि सी मधलं सामान यंत्राचं. यंत्र परत देताना त्याचं सामान आपण काढून घेत नाही.

फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये होता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्या डिस्कमध्ये साडेसहाशे घरांची नावं, पत्ते, फोन नंबर होते. कुणाच्या हाती पडायला नकोत म्हणून मी शोरूमवाल्याला सांगितलं की डिस्क पूर्ण पुसा आणि पुसल्याचं मला लेखी द्या. तो म्हणाला, एवढं कुणी मागत नाही. मी म्हटलं, मी मागतो. दोनदा फोन केला. तिसऱ्या दिवशी शिक्का मारलेलं पत्र मिळालं. ते मी बिलासोबत फाईलला लावलं. अजून आहे.

नवा संगणक आला, काळाभोर, पातळ, आवाज न करणारा. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तिने पहिली फाईल उघडली. मी मागे उभा होतो. पडद्यावर कचरा. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच.

"फॉन्ट टाकायचा राहिला," ती म्हणाली. "तो घेतलात ना?"

मी विचारलं, "तो वेगळा असतो?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बसमध्ये सुटे पैसे शोधताना पाकीटच घरी राहिल्याचं कळावं, तसं. मी तोपर्यंत समजत होतो की अक्षर फाईलमध्ये असतं. फाईलमध्ये नुसतं कुठलं बटण दाबलं तेवढं असतं. त्याचं अक्षर फॉन्ट करतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून उल्हासनगरला गेलो. सगळं सांगितलं. तो ऐकत होता, हातातला पेचकस तसाच. विचारलं, "जुनी डिस्क कुठे?" मी पत्राचं सांगितलं. त्याने पेचकस खाली ठेवला. मग मी म्हटलं, तुम्ही इतक्या वेळा दुरुस्त केलंत, एखादी प्रत तुमच्याकडे राहिली असेल.

"नाही ठेवली साहेब. डिस्क बदलली तेव्हा माझ्या पेनड्राइव्हवर होती, तिच्यासमोर पुसली. दीदीची चीज आहे ती. मी ठेवून काय करणार? विकणार?"

भरवशाला मी त्याला चार गुण दिले होते.

त्याने जुनं सॉफ्टवेअर शोधलं, ते नव्या विंडोजवर चालेना. दुसरं आणून दिलं. बायकोने पुन्हा सुरुवात केली. पंधरा अक्षरं झाली. मी रोज घरी आलो की विचारायचो, किती झाली? सोळाव्यानंतर विचारायचं बंद केलं, कारण आकडा वाढत नव्हता. तोवर कामं येतच होती आणि ती सगळीकडे चालणाऱ्या नव्या मराठीत, युनिकोडमध्ये, बसून करायची. बोट जुन्या जागी जायचं, भलतंच अक्षर यायचं, पुसायचं, पुन्हा. ज्या पत्रिकेला तासभर लागायचा तिला चार तास लागायला लागले. तिची पाठ दुखायची. माणसं खोळंबायची. एका बाईने दारातूनच विचारलं, "वहिनी, नवीन कंपूटर घेतलाय ना, मग उशीर का?"

"त्याला मी जुनी झाले," बायको म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हळूहळू तिने आलेली कामं स्टेशनजवळच्या दुकानात पाठवायला सुरुवात केली. विचारलं की सांगायची, डोळे चुरचुरतात. मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो असतो, माझं कसं चुकलं नाही ते पटवलं असतं, आणि त्यात कुठेतरी माफीही मागितली असती. तिने ती संधी दिली नाही. मला वाटतं, आम्हां दोघांत आकड्यांचं मी बघायचं आणि माणसांचं तिने, असं ठरलेलं होतं, आणि ती ठरलेलं मोडणारी नव्हती.

एक दुपार मला लख्ख आठवते. सुट्टी होती. ती संगणकापुढे बसून त्याच जुन्या फाईली उघडत होती. पडद्यावर कचरा आणि तिची बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती, पडद्याकडे बघत, चिन्हामागून चिन्ह. मग म्हणाली, "ही वांगणीच्या त्या मुलीची हळद. जिचा मामा रुसला होता."

मी चकित झालो. "तुला वाचता येतं?"

"मला नाही येत. बोटांना विचारावं लागतं."

पुढची उघडली. बोटं हलली. "हे आपल्या विहारातल्या गुरुजींचं पुण्यानुमोदन." त्यापुढची उघडली, 'घरचं एक' असं इंग्रजी अक्षरांत नाव असलेली. बोटं थोडी हलली आणि थांबली. तिने ती बंद केली.

"ही कुणाची?"

"राहू दे. वेळ आली की बघू."

मी तेव्हा वही घेऊन शेजारी बसलो असतो, कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर हे तिला विचारून उतरवून घेतलं असतं, तर दोन तासांत काम झालं असतं. सुचलं नाही. मी म्हटलं, "चहा टाकू?" आणि टाकला.

पुढच्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं तेव्हा फारसं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. सव्वा महिना. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं, पण पांघरुणावर बोटं हलायची. मी त्यांच्याकडे बघत बसायचो. काय टाइप करत होती ते मला कळलं नाही.

संगणकाची वॉरंटी छत्तीस महिन्यांची होती. बायको गेली तेव्हा सव्विसावा महिना चालू होता.

तिच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका स्टेशनजवळच्या दुकानात केली. त्यांनी 'कालकथीत' छापलं, थ दीर्घ. मी वाचून दिलं नव्हतं, माझी तशी स्थिती नव्हती. दोनशे पत्रिका तशाच गेल्या. आयुष्यात तिने एका घराचं नाव चुकू दिलं नाही, आणि तिच्या नावाआधीचा शब्द चुकलेला. उल्हासनगरचा माणूस आला होता. सगळ्यांबरोबर बसला, निघताना खिडकीखालच्या टेबलाशी गेला, संगणकावर हात ठेवला आणि म्हणाला, "चांगलं मशीन आहे, साहेब."

खरंच चांगलं आहे. पाच वर्षं झाली, एकदाही बिघडलेलं नाही. माझा तक्ता प्रत्येक रकान्यात बरोबर निघाला.

आता मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्या ऑफिसातलाच, माणसं चांगली. मुलगी म्हणाली, "पप्पा, मोबाईलवर पाच मिनिटांत कार्ड होतं." आणि मग लगेच, "पण मम्मीची ती फाईल?" तिलाही ती माहीत होती. आईने तिला सांगितलं होतं, तुझी करून ठेवलीये, फक्त नवरा भरायचाय.

इंटरनेटवर जुन्या फॉन्टमधली मराठी नव्यात बदलून देणाऱ्या सोयी आहेत. त्यात टाकून पाहिलं. त्या बाजारातल्या फॉन्टसाठी आहेत, हिच्या बोटांसाठी नाहीत. कचऱ्याचा मराठी कचरा झाला.

माळ्यावर एक खोका होता. छापलेल्या प्रत्येक पत्रिकेचा एक नमुना ती ठेवायची. आणि प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने फाईलचा नंबर. ही सवय तिला मीच लावली होती. आमच्या गोदामात प्रत्येक खणाला नंबर असतो, तसं. तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. मी खोका खाली काढला. सहाशे चाळीस नमुने. एक घेतला, त्याची फाईल उघडली. डावीकडे पडद्यावरचा कचरा, उजवीकडे हातात छापील पत्रिका. वहीत दोन रकाने आखले: चिन्ह, अक्षर.

चार रविवार होते, त्यातले तीन यात गेले. सकाळी बसायचो, जेवणापर्यंत. मुलगी चिन्ह वाचायची, मी नमुन्यात शोधायचो.

"स्मॉल एफ."

"वेलांटी. पहिली."

"पक्कं?"

"तीन पत्रिकांत पाहिलं."

"पप्पा, मम्मी बरोबर बोलायची. तिला बघायला जाताना तुम्ही तिन्ही बाजूंनी फोटो मागितले असतील."

पहिल्या रविवारी एकतीस चिन्हं लागली, दुसऱ्या रविवारी एकूण अठ्ठावन्न. शब्दांची बटणं लवकर सापडली, कारण एका चिन्हाला अख्खा शब्द दिसायचा. टक्का मला आधीच ठाऊक होता. 'घरचं एक' या फाईलमध्ये टक्क्याची दोन चिन्हं होती. मी मुलीला काही बोललो नाही, पण ती दोन कुणाची हे कळेपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. फाईल ती आजारी पडायच्या अडीच वर्षं आधीची होती, हे तारखेवरून दिसत होतं, तरीही.

तिसऱ्या रविवारी वही बाजूला ठेवून मी एकेक ओळ लिहून काढली. मुलगी खांद्यावरून वाचत होती.

वर धम्मचक्र. खाली मंगल परिणय. मुलीचं नाव, तिची पदवी, तेव्हा नुकतीच मिळालेली. वराच्या नावाच्या जागी टिंबं, मी मोजली, अकरा. मुलगी म्हणाली, "मावत नाही त्याचं नाव. मम्मीने कमी जागा ठेवली," आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. टक्क्याची दोन चिन्हं माझ्या आई-वडिलांच्या नावाआधी होती. आशीर्वाद म्हणून.

तळाला लहान मुलांची ओळ होती. आमच्याकडे लहान मूल कुणी नाही. तिने तिथे स्वतःचंच वाक्य घातलं होतं: 'माझ्या मुलीच्या' आणि पुढे ते बटण. लग्नाला यायचं हं!

आणि निमंत्रक. आयुष्मान, माझं नाव. त्याखाली आयुष्मती, तिचं.

मग मुलगी म्हणाली, "पप्पा, राहू दे असंच. मम्मीने लिहिलंय ते."

मला तसंच करायचं होतं. आतून सगळं तेच म्हणत होतं. पण आयुष्मती म्हणजे आयुष्य असलेली. पाचशे घरांत जाणारा कागद आहे. त्यातली दीड-दोनशे घरं तिच्या पुण्यानुमोदनाला आलेली. आणि तिच्यासमोर कुणी असं करायला बघितलं असतं तर तिने करू दिलं नसतं. दारात बसलेल्या लोकांना ती हेच सांगायची. वाईट वाटतं म्हणून खोटं छापायचं नाही, दादा, कागद राहतो.

"निमंत्रक माझं एकट्याचं नाव राहील," मी म्हणालो. "ती वर जाईल. आजी-आजोबांच्या ओळीत."

मुलगी उठून आत गेली. जाताना म्हणाली, "मग तुम्हीच टाइप करा. मला नाही जमणार. आणि थ ऱ्हस्व."

बाकी सगळी पत्रिका तिनेच मोबाईलवर उतरवून मला पाठवली होती, नवऱ्याच्या नावासकट. मी संगणकावर उघडली. आशीर्वादाच्या ओळीत माझ्या आई-वडिलांच्या नंतर जागा केली. मला टाइप करता येत नाही. बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेले आहेत, बायकोने नव्या मराठीसाठी लावलेले, त्यातला टक्क्याच्या बटणावरचा झिजून पांढरा झालाय. तिथे तिचं बोट सवयीने जात राहिलं असणार.

कालकथित. सात बटणं आहेत, आणि थ साठी शिफ्ट वेगळी धरावी लागते. तिला एक पुरायचं. मी प्रत्येक शोधून दाबलं.